शुक्रवारचं वाचन

सॉफ्टवेअरमध्ये काम करणाऱ्या माणसाला वाचायला काही कमी नसतं. सकाळी फोन उघडला की रतीब दारात येऊन पडलेला असतो: कुठल्या फ्रेमवर्कची नवी आवृत्ती आली, कुठल्या कंपनीने कुठली भाषा सोडली, कुठलं मॉडेल कुठल्या चाचणीत पहिलं आलं. हिंजवडीच्या बसमध्ये तासभर अंगठा फिरवला तर पन्नासेक मथळे डोळ्यांखालून जातात आणि महिन्याभराने त्यातला एकही आठवत नाही. म्हणून काही वर्षांपूर्वी आम्ही सहा-सात जणांनी एक ठरवलं. शुक्रवारी संध्याकाळी एकच मजकूर घ्यायचा, तो छापायचा, पेन्सिल घेऊन वाचायचा आणि त्यावर तासभर बोलायचं. त्या वाचनातून एका प्रश्नाकडे मी पुन्हा पुन्हा येत राहिलो. या धंद्यातल्या माणसाने आठवड्याला एक गोष्ट नीट वाचायची म्हटली, तर नेटवर मोफत मिळणाऱ्या साहित्यात वाचण्याजोगं नेमकं काय आहे?

माझं मत आधीच सांगतो. लिहिणारा माणूस त्या घटनेच्या किंवा त्या निर्णयाच्या वेळी तिथे हजर होता आणि त्याबद्दल त्याला कुणाला तरी उत्तर द्यायचं होतं, असं लेखन शोधावं. बाकीचं गरजेपुरतं चाळावं.

साप्ताहिकांपासूनच सुरुवात करू. बहुतेक साप्ताहिकं म्हणजे दुव्यांची यादी असते. एक मात्र सुरुवातीपासून वेगळं राहिलं आहे: लिनक्स वीकली न्यूज. जोनाथन कॉर्बेट आणि एलिझाबेथ कूलबॉ यांनी ते जानेवारी १९९८ मध्ये सुरू केलं. २००२ मध्ये पैशांअभावी ते बंद करत असल्याचं जाहीर झालं आणि वाचकांनी आपणहून पैसे पाठवायला सुरुवात केली. त्यातून वर्गणीची पद्धत आली. अंक आधी वर्गणीदारांना मिळतो आणि काही दिवसांनी सगळ्यांसाठी खुला होतो. कर्नलमध्ये एखादा बदल का घेतला, कुणी विरोध केला, विरोधाचा मुद्दा काय होता, हे तिथे वादातल्या दोन्ही बाजू नीट समजून घेऊन लिहिलेलं असतं. कॉर्बेट स्वतः कर्नलमध्ये काम करतात. चूक लिहिली तर ज्यांच्याविषयी लिहिलं तेच दुसऱ्या दिवशी दारात उभे राहणार, आणि म्हणून तिथल्या प्रत्येक वाक्याला वजन येतं.

त्याहून जुनं, आणि आजही तितकंच ताजं, म्हणजे इंटरनेटचे आरएफसी. पहिला आरएफसी ७ एप्रिल १९६९ चा, लेखक स्टीव्ह क्रॉकर, लॉस एंजेलिसच्या विद्यापीठातला विद्यार्थी. आपण कोण लागून गेलो नियम घालून देणारे, या संकोचातून त्याने त्या टिपणांना ‘अभिप्रायासाठी विनंती’ असं नाव दिलं. त्याच महिन्यातल्या तिसऱ्या आरएफसीत लिहिण्याचे संकेत आहेत. विचार अर्धवट असला तरी चालेल, सफाई नको, टिपण एका वाक्याचं असलं तरी पुरे, असं तिथे बजावलं आहे. टीसीपीचं १९८१ चं वर्णन, आरएफसी ७९३, अधिकृतपणे बदललं गेलं ते २०२२ मध्ये, आरएफसी ९२९३ ने. मधली ४१ वर्षं जगभरच्या यंत्रांनी त्याच्या आधाराने एकमेकांशी बोलणं केलं. आम्ही ते दोन्ही समोरासमोर ठेवून वाचले तेव्हा संध्याकाळचे आठ वाजले तरी कुणी उठलं नाही. चार दशकांत सापडलेल्या एकेका खाचेची दुरुस्ती त्या दोन मजकुरांतल्या फरकात दिसते.

शोधनिबंधांची गोष्ट थोडी वेगळी. एप्रिल २०२२ मध्ये एसीएम या संगणकशास्त्राच्या संस्थेने १९५१ ते २००० या काळातलं आपलं साहित्य सर्वांना मोफत खुलं केलं. त्याआधी आपल्याकडचा नोकरदार माणूस पीडीएफ कुणाकडे आहे का, असं विचारत फिरायचा. आता केन थॉम्प्सनचं कंपायलरवरच्या विश्वासाविषयीचं १९८४ चं भाषण, डेव्हिड पार्नास यांचा मॉड्यूल कसे पाडावेत यावरचा १९७२ चा निबंध, लेस्ली लॅम्पोर्ट यांचा वितरित यंत्रणेतल्या वेळेविषयीचा १९७८ चा निबंध, सगळे एका क्लिकवर आहेत. पार्नास पाच-सहा पानांचा आहे आणि पहिल्या वाचनात सोपा वाटतो. दुसऱ्या वाचनात आपल्याच प्रोजेक्टमधल्या फोल्डरांची रचना आठवते आणि मान खाली जाते.

पण पुण्यातल्या सॉफ्टवेअरवाल्याला कुठला एकच निबंध द्यायचा असेल, तर मी पीटर नाउर या डॅनिश शास्त्रज्ञाचा १९८५ चा निबंध देईन. विषय आहे प्रोग्राम लिहिणं म्हणजे डोक्यात एक सिद्धान्त बांधणं. नाउर एक उदाहरण देतात. एका गटाने कंपायलर लिहिला. दुसऱ्या गटाने तो घेऊन वाढवायचा होता. त्यांना पूर्ण कागदपत्रं मिळाली, टिपांसकट सगळा कोड मिळाला, पहिल्या गटाचा सल्लाही मिळाला. तरी दुसऱ्या गटाने सुचवलेले बदल मूळ रचनेची ताकदच मोडून टाकणारे होते आणि पहिल्या गटाला ते पाहताक्षणी कळलं. कारण रचना कागदावर होती, ती तशी का आहे हे माणसांच्या डोक्यात होतं. आता आपल्या केटीकडे, म्हणजे नॉलेज ट्रान्सफरकडे बघा. सोडून जाणाऱ्या माणसाच्या नोटिस पिरियडमधले शेवटचे दहा दिवस, रोज दोन तासांचा कॉल, रेकॉर्डिंग, शेवटी एक्सेलमध्ये ‘केटी पूर्ण’ अशी सही. लाखो माणसांच्या या शहरात रोज कुठे ना कुठे हा विधी चालू असतो. त्यात काय हरवतं, याचा इतका स्वच्छ खुलासा मला दुसरीकडे वाचायला मिळाला नाही.

आजच्या एआय मॉडेलांबद्दल दर आठवड्याला ढीगभर लिहिलं जातं. त्या सगळ्याच्या मुळाशी असलेला निबंध २०१७ चा आहे, गूगलमधल्या आठ लेखकांचा, आणि त्याचा विषय यंत्राकडून भाषांतर हा आहे. इंग्रजीतून जर्मन आणि इंग्रजीतून फ्रेंच. त्या आठांपैकी निकी परमार पुण्याच्या पीआयसीटीत शिकलेल्या. त्याच निबंधातून आलेला ट्रान्सफॉर्मर हा शब्द दिवसातून दहा वेळा उच्चारणाऱ्यांनी एकदा तरी तो मूळ मजकूर वाचावा. समजायला जड आहे, तीन शुक्रवार लागले आम्हाला. पण आपण काय केलं, काय करून पाहिलं आणि किती फरक पडला, हे तिथे कोष्टकात मांडलेलं आहे आणि ते कुणालाही तपासता येतं.

इथे मराठी माणसाच्या हक्काचं एक वाचन सांगायला हवं. युनिकोडच्या मानकात देवनागरीवर एक सविस्तर प्रकरण आहे. ‘दुसऱ्या’ या शब्दातला तो आडवा अर्धा र कुठून येतो, नुक्त्याच्या र नंतर हलंत आला की तो कसा काढायचा, हे त्यात नियम क्रमांक देऊन सांगितलेलं आहे. त्याची मुळं भारतीय इस्की मानकात आहेत. ‘ॲ’ हे अक्षर मराठीसाठी २००८ मध्ये युनिकोडमध्ये आलं. तोवर आपण ‘अ‍ॅ’ जोडून भागवत होतो आणि आजही दोन्ही रूपं सरकारी संकेतस्थळांवर सरमिसळ सापडतात, मग शोधलं की अर्धे निकाल येतच नाहीत.

‘ज्ञानेश्वरी’ हा शब्द घ्या. चौथीतलं मूल सांगेल, चार अक्षरं. युनिकोडच्या हिशेबात तो अकरा चिन्हांचा आहे. आणि वाचणाऱ्याला एक अक्षर म्हणून काय दिसतं, कर्सर कुठे थांबेल, हे ठरवणाऱ्या नियमांनुसार २०२३ पर्यंत त्याचे सहा तुकडे व्हायचे, कारण ज् आणि श् वेगळे सुटायचे. सप्टेंबर २०२३ मध्ये युनिकोड १५.१ आलं, त्यात जोडाक्षर एकत्र ठेवणारा नियम आला आणि तुकडे चार झाले. म्हणजे मूल जे सांगत होतं ते. नावाच्या रकान्याला वीस अक्षरांची मर्यादा घालणारे आपण, या प्रकरणातलं एक पानसुद्धा न वाचता ती घालतो. फेब्रुवारी २०१८ मध्ये एका तेलुगू अक्षराने आयफोनवरची ॲप्स बंद पडत होती. मनीष गोरेगावकर यांनी त्या अक्षराची फोड करून, हलंत, न जोडणारं अदृश्य चिन्ह आणि त्यामागून येणारं स्वरचिन्ह यांच्या कुठल्या क्रमाने यंत्र कोसळतं, बंगाली आणि देवनागरीत तसंच काय काय घडू शकतं, हे लिहून ठेवलं आहे. आपल्या लिपीवर प्रेम असलेल्या माणसाने बगचा माग कसा काढावा, याचा तो नमुना आहे.

आता ज्यासाठी आमचे निम्मे शुक्रवार खर्ची पडतात त्या साहित्याकडे येतो. अपघातांचे अहवाल.

४ जून १९९६ रोजी फ्रेंच गयानातल्या कुरू इथून एरियान ५ हे रॉकेट पहिल्यांदा उडालं आणि चाळीसेक सेकंदांत फुटलं. गणितज्ञ जाक-लुई लियोन्स यांच्या अध्यक्षतेखालच्या मंडळाने जुलैमध्येच अहवाल दिला. तो थोडक्या पानांचा आहे, इंग्रजी साधं आहे आणि त्यात एकाही माणसावर बोट ठेवलेलं नाही. ६४ बिटांची अपूर्णांकी संख्या १६ बिटांच्या पूर्णांकात बसवताना मावली नाही, एवढं सगळ्यांना ऐकून माहीत असतं. अहवाल पुढे जातो. तसे सात आकडे होते, त्यातल्या चारांना संरक्षण दिलं, तिघांना नाही, कारण संगणकावरचा भार ८० टक्क्यांच्या आत ठेवायचा होता. तो निर्णय विचार करून, एरियान ४ च्या उड्डाणमार्गाचे आकडे बघून घेतलेला होता. एरियान ५ चा मार्ग वेगळा, आडवा वेग जास्त. ज्या कोडने घात केला त्याचं काम उड्डाणाआधीच संपलं होतं, तो जुन्या रॉकेटच्या गरजेपोटी आणखी चाळीसेक सेकंद चालू ठेवलेला होता. राखीव यंत्र होतं, पण त्यातही तेच सॉफ्टवेअर, त्यामुळे ते मुख्य यंत्राच्या काही मिलिसेकंद आधीच बंद पडलं होतं. आणि बंद पडताना मुख्य यंत्राने दोषाचा जो तपशील पाठवला, तो उड्डाणाची माहिती समजून संगणकाने नोझल वळवले. मंडळ म्हणतं की सगळी रचना ‘हार्डवेअर अधूनमधून बिघडतं’ या समजुतीवर उभी होती, सॉफ्टवेअर दोन्हीकडे एकाच वेळी एकसारखं चुकेल ही शक्यता कुणी धरलीच नाही. हे वाचून झाल्यावर आमच्यातला एक जण उठून गेला आणि आपल्या सर्व्हिसचा राखीव सर्व्हर काय चालवतो हे बघून आला. तेच बिल्ड होतं.

नॅन्सी लेव्हेसन आणि क्लार्क टर्नर यांचा थेरॅक-२५ वरचा १९९३ चा निबंध वाचायला मन घट्ट करावं लागतं. कर्करोगावरच्या किरणोपचाराचं हे यंत्र. १९८५ ते १९८७ या काळात सहा रुग्णांना त्याने भयंकर जादा मात्रा दिली, काही दगावले. कंपनी म्हणत होती की असं घडणं शक्यच नाही. टेक्सासमधल्या टायलर गावच्या रुग्णालयातले भौतिकशास्त्रज्ञ आणि यंत्र चालवणारी तंत्रज्ञ, दोघांनी बसून पुन्हा पुन्हा त्याच कळा दाबून पाहिल्या आणि शेवटी दोष घडवून आणला. किल्ली होती वेगात. सरावलेली तंत्रज्ञ आठ सेकंदांच्या आत दुरुस्ती टाइप करून पुढे गेली की यंत्राला ती दुरुस्ती कळतच नसे. आधीच्या मॉडेलमध्येही तसाच दोष होता, पण तिथे हार्डवेअरचा अडसर होता, त्याने माणसं वाचवली होती. नव्या मॉडेलमध्ये तो काढून भरवसा सॉफ्टवेअरवर टाकला.

ब्रिटनच्या पोस्ट खात्याचं होरायझन प्रकरण तर अजून चालूच आहे. १९९९ पासून बसवलेल्या या हिशेबाच्या प्रणालीने दाखवलेल्या तुटीवरून नऊशेहून अधिक पोस्टचालकांना चोर ठरवलं गेलं. काहींनी तुरुंग पाहिला, काहींनी घरं विकून न झालेल्या तुटी भरल्या. डिसेंबर २०१९ मध्ये न्यायमूर्ती फ्रेझर यांनी दिलेला निकाल मी सॉफ्टवेअरवाल्यांना आवर्जून वाचायला सांगतो. त्याला एक तांत्रिक परिशिष्ट आहे. त्यात एकेक बग नाव देऊन, कधी दिसला, कुणी नोंदवला, किती वर्षं तसाच राहिला, असं क्रमाने उलगडलं आहे. त्याचा मोठा आधार म्हणजे सपोर्टवाल्यांनी वर्षानुवर्षं लिहिलेल्या तिकिटांच्या नोंदी आणि माहीत असलेल्या दोषांची वही. रात्री दोन वाजता ऑन-कॉलवर असताना आपण तिकीट बंद करताना जी ओळ लिहितो, ‘युजर एरर, क्लोज्ड’, ती ओळ. तशा ओळींच्या पलीकडे एखाद्या खेडेगावातल्या पोस्टात काउंटरमागे बसलेली बाई होती. सर विन विल्यम्स यांच्या चौकशीतल्या साक्षींची शब्दशः टिपणंही खुली आहेत. अभियंत्यांना प्रश्न विचारले जात आहेत आणि ते उत्तरं देत आहेत, हे वाचताना घशाला कोरड पडते.

हलक्या बाजूचे अहवालही खूप आहेत आणि ते रोजच्या कामाला जास्त जवळचे आहेत. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅबच्या एका अभियंत्याने दमलेल्या अवस्थेत चुकीच्या सर्व्हरवरची डेटाबेसची डिरेक्टरी पुसायला घेतली. सेकंद-दोन सेकंदांत लक्षात आलं, तोवर ३०० जीबीपैकी साडेचार उरले होते. बॅकअप घेणारं काम आवृत्ती न जुळल्याने कित्येक दिवस फसत होतं आणि ते फसल्याचे ईमेल मेल सर्व्हर नाकारत होता, म्हणून कुणाला पत्ताच नव्हता. त्याच अभियंत्याने वेगळ्या कामासाठी सहा तासांपूर्वी घेतलेली एक प्रत होती, तिने वाचवलं. कंपनीने हे सगळं लिहून काढलं. अभियंत्याचं नाव कुठेही नाही, ‘टीम सदस्य १’ एवढंच. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइकच्या एका अद्ययावत फाइलने जगातली ८५ लाख विंडोज यंत्रं बंद पाडली, भारतातल्या विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. त्याचा अहवाल ऑगस्टमध्ये आला: एका बाजूला एकवीस रकाने अपेक्षित, दुसरी बाजू वीसच पुरवत होती.

हे वाचायला बसण्याआधी रिचर्ड कुक यांचं ‘गुंतागुंतीच्या यंत्रणा कशा कोसळतात’ या विषयावरचं १९९८ चं अठरा मुद्द्यांचं टिपण वाचावं. चारच पानं असतील. कुक डॉक्टर होते, भूलतज्ज्ञ. एकच मूळ कारण शोधणं हेच मुळात चूक आहे, असं ते ठामपणे सांगतात. आपल्याकडे क्लायंटला पाठवायच्या कागदाचं नावच आरसीए, मूळ कारणाचं विश्लेषण. मी स्वतः असे कित्येक लिहिले आहेत. एका जुन्या नोकरीत पेमेंटची रांग चार तास तुंबली. खरं कारण असं होतं की तीन महिन्यांपूर्वी खर्च वाचवायला रांगेवरची देखरेख काढली होती. आरसीएत ‘मॅन्युअल एरर, संबंधिताला समज दिली’ असं गेलं. ज्याला समज दिली तो मुलगा सहा महिन्यांत निघून गेला. ते वाक्य मीच टाइप केलं होतं आणि ते मला अजून टोचतं.

आढाव्यातली सगळ्यात मोठी रिकामी जागा इथेच आहे. जगातल्या सॉफ्टवेअरचा एवढा मोठा भाग भारतात लिहिला आणि सांभाळला जातो. आपली बँक, आपलं रेल्वेचं तिकीट, आपला आधार, भाजीवाल्याचा क्यूआर कोड, सगळं आपल्याच माणसांच्या हातातलं. पण ते बंद पडलं की आपल्याला वाचायला काय मिळतं? ‘तांत्रिक अडचणीमुळे सेवा खंडित, दिलगीर आहोत.’ २४ फेब्रुवारी २०२१ रोजी मुंबईत राष्ट्रीय शेअर बाजाराचे व्यवहार सकाळी ११.४० ला थांबले ते दुपारी ३.४५ ला सुरू झाले आणि बाजार पाच वाजेपर्यंत चालवावा लागला. निवेदनं निघाली, नियामकाने चौकशी केली. पण दूरसंचाराच्या तारा तुटण्यापासून व्यवहार थांबण्यापर्यंत काय काय घडलं, कुणी कुठला निर्णय कुठल्या माहितीवर घेतला, हे एरियानच्या अहवालासारखं सलग, घड्याळ लावून लिहिलेलं माझ्या हाती लागलेलं नाही. एप्रिल २०२२ च्या आदेशानुसार सायबर घटना सहा तासांच्या आत सर्ट-इन या सरकारी संस्थेला कळवणं बंधनकारक आहे. ती माहिती सरकारकडे जाते. नागपूरच्या एखाद्या सहकारी बँकेत एकटाच सर्व्हर सांभाळणाऱ्या माणसापर्यंत ती येत नाही आणि खरी गरज त्याला आहे.

आपल्याकडची माणसं लिहू शकत नाहीत, असं मला कधीच वाटलं नाही. भीती असते. लिहिलं की नाव येणार, नाव आलं की अप्रेझल जाणार.

गेल्या दिवाळीनंतरच्या एका शुक्रवारी आमच्यातली सगळ्यात लहान मुलगी दोन पानं छापून घेऊन आली. तिच्या हातून टेबलमधल्या नोंदी पुसल्या गेल्या होत्या, दीड तासात परत आल्या, क्लायंटला कळलंही नाही. ऑफिसात कुणी मागितलेलं नसताना तिने ते लिहिलं होतं, मराठीत, कारण इंग्रजीत लिहायला घेतलं की आपोआप आरसीएची भाषा येत होती, असं ती म्हणाली. डाव्या बाजूला वेळ, उजवीकडे त्या क्षणी डोक्यात काय होतं ते. आम्ही ते गिटलॅबच्या अहवालाशेजारी ठेवून वाचलं. तिची पहिली नोंद होती, ‘२.१०. मला वाटतंय मी टेस्ट सर्व्हरवर आहे. दोन्ही खिडक्यांचा रंग काळाच आहे.’